बाईंच्या धड्यांवरचं लिमिट

त्या बाईंच्या वेबसाइटवर लिमिट लावलं ते मी. हुकूम ऑफिसातल्या माझ्या सरांचा होता, पण लावलं मी, आणि मला अजून सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

महाप्याच्या एका होस्टिंग कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचे. एकेका सर्व्हरवर पन्नास-साठ जणांच्या वेबसाइट्स. लोक त्या उघडतील तसा डेटा बाहेर जायचा, आणि बाहेर जायची वाट सगळ्यांना मिळून एकच. एकानं ती अडवली की बाकीचे रखडलेच. त्या उन्हाळ्यात आमचा एक सर्व्हर रोज दुपारी चारनंतर रखडायला लागला.

सरांनी साइट्सची यादी पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही व्हिडिओवाली बाई. हिच्यावर लिमिट टाक."

"आधी लॉग बघते ना सर. नक्की कोण एवढा डेटा—"

"व्हिडिओ आहेत म्हणजे तीच असणार. टाक तू, टेन्शन नको घेऊस."

टाकलं. दोन ओळींचं काम. आता त्या साइटवरचा डेटा ठरावीक वेगाच्या वर जाणार नव्हता. मी जेवायला गेले. व्हिडिओ कसले आहेत, हे बघितलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी बाईंची मेल आली. व्हिडिओ सारखे थांबतात, का? सरांनी सांगितलेलं उत्तर मी पाठवलं: फाइल्स जड आहेत, हलक्या करून टाका. लिमिटबद्दल एक शब्द लिहायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तेही मी निमूट ऐकलं.

महिन्याभरानं बाई स्वतः ऑफिसात आल्या. साठीच्या असतील. सोबत धाकटी बहीण. बाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर अशा मुलांच्या आयांसाठी खुणांच्या भाषेचे धडे मोबाइलवर शूट करून त्या साइटवर टाकायच्या. दोघी उलव्याजवळच्या गावातल्या. बाई हातांनी बोलायच्या आणि बहीण ते गावच्या बोलीत आम्हाला सांगायची.

"ताई म्हनते, तुमी सांगितलं तसे सगले धडे हलके केले. आता बगा काय झालं."

बाईंनी फोन पुढे केला. हलक्या केलेल्या व्हिडिओत त्यांची बोटं एकमेकांत मिसळून गेली होती. तीन उघडली आहेत की चार, कळत नव्हतं. आणि एवढं करूनही व्हिडिओ मधेच थांबत होता.

बाईंचे हात भराभर चालायला लागले. बहीण म्हणाली, "हात हितं थांबला तं एक शब्द, पुढं गेला तं दुसरा. आया कंटालल्या. बगनंच सोडलं. मग पोरांशी बोलनार कोन?"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, घरचं वाय-फाय एकदा चेक करून घ्या."

माझं डोकं फिरलं. "वाय-फाय नाही सर. लिमिट आपण लावलंय. मी लावलंय."

बहिणीनं ते खुणांनी सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघून एकच खूण केली.

"इचारते, का?"

मी त्यांना बाहेर बसवलं आणि पहिल्या दिवशी उघडायला हवे होते ते लॉग, म्हणजे कुठल्या साइटवरून कधी किती डेटा गेला त्याच्या नोंदी, उघडले. अर्धा तास लागला. बाईंच्या साइटवरून जाणारा डेटा लिमिट लावण्याआधीसुद्धा अगदी किरकोळ होता. सर्व्हर अडवत होती एका बिल्डरची साइट. टॉवरची ड्रोननं काढलेली भलीमोठी फिल्म, साइट उघडली की आपोआप सुरू व्हायची. त्यांच्या ऑनलाइन जाहिराती चारला सुरू व्हायच्या आणि त्या बघून लोक साइटवर यायचे, म्हणून आम्ही चारला रखडायचो.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "मोठा क्लायंट आहे. त्याला हात लावायचा नाही."

"आणि बाईंना लावायचा?"

"बाई काय करणार आहेत?" सर हसले. "फोन करून शिव्या तरी देऊ शकतात का?"

मी जागेवर आले. बाईंचं लिमिट काढलं. बिल्डरच्या फिल्मवर टाकलं: सुरुवातीचे काही सेकंद वेगात, पुढचं सावकाश. मग लॉग जोडून मालकांना मेल केली. सर्व्हर त्या दिवसापासून सुरळीत चालला. बिल्डरची एकही तक्रार आली नाही. मीटिंगमध्ये सरांनी ते स्वतःचं नियोजन म्हणून सांगितलं, आणि परवानगीशिवाय सेटिंग बदललं म्हणून मला लेखी ताकीद मिळाली.

पण बाईंचे आधीचे स्वच्छ व्हिडिओ गेले होते. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून हलके करताना त्यांनी ते पुसून टाकले होते, आणि आमच्याकडे बॅकअप राहायचा फक्त आठवडाभराचा. आमचं ऐकलं म्हणून त्यांचं कित्येक महिन्यांचं काम मातीत गेलं. मी सहा रविवार सीवूड्सच्या माझ्या घरून त्यांच्या गावी गेले, फोन धरून पुन्हा शूटिंग केलं. बाई माझ्यावर रागावलेल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. कामाच्या खुणा सोडून त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मला ते पटत होतं.

निम्मे धडे झाले. बाकीचे धडे करायला बाईंचे खांदे आता साथ देत नाहीत, असं बहिणीनं सांगितलं. सोमवारी मी ते सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"अरे, चलता है," सर म्हणाले. "आता स्पीड चांगला मिळतोय ना त्यांना?"

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दार उघडं होतं, आणि सगळ्या ऑफिसनं ते ऐकलं.