सगुणामावशींना दिसलेला शास्त्रपाठ

देवानं मला आवाज दिला तो त्याचं वचन लोकांच्या काळजापर्यंत पोचवण्यासाठी, अशी वीस वर्षं माझी श्रद्धा होती. खरी हकिकत एवढीच, की धाराशिवच्या आमच्या लहानशा चर्चमधला लाउडस्पीकर एका नाताळात बिघडला, तो दुरुस्त होईपर्यंत कोणीतरी मोठ्या आवाजाचा माणूस हवा होता, आणि दुरुस्त व्हायला सात महिने लागले. तेवढ्यात मंडळीला माझी सवय झाली आणि मलाही माझी. मी तेव्हा इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आठवडाभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसणाऱ्या माणसाला रविवारी मोठ्यानं वाचायला मिळालं, तर तो जरा वाहवतो. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रचारकांच्या थाटाची, त्यांच्या फ्लेक्सची आणि पांढऱ्या बुटांची मी मनसोक्त टिंगल करायचो, आणि शनिवारी संध्याकाळी आरशासमोर उभा राहून शास्त्रपाठाचा, म्हणजे उपासनेत वाचायच्या बायबलच्या उताऱ्याचा, सराव करायचो. ही विसंगती माझ्या बायकोनं वेळोवेळी निदर्शनास आणून दिली होती.

माझ्या वाचनाला वरून पसंती आहे याचा पुरावा तिसऱ्या बाकावर बसायचा. सगुणामावशी मूळच्या ईट गावच्या. आयुष्यभर एका वसतिगृहात भाकरी थापल्या, आणि नवरा गेल्यावर इथं मुलाकडं राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढं. लिहिणं-वाचणं येत नाही. मी वाचायला लागलो की त्या माझ्याकडं एकटक बघायच्या, मान डोलवायच्या, आणि थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. दर वेळी. उपदेशाच्या वेळी पाळकसाहेबांना एवढं पाणी कधी मिळालं नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं. मंडळीत भाविक कोण म्हटलं की पहिलं नाव मावशींचं निघायचं. भजनात त्या नेहमी एक ओळ मागं असायच्या, ते आम्ही वयावर घातलं होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, जुलैत, एका सकाळी दात घासताना चूळ तोंडातून डाव्या बाजूनं आपोआप बाहेर आली. बायकोला हाक मारली तर जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. पक्षाघाताचा झटका होता, वेळेवर आलात म्हणाले. हात-पाय महिन्याभरात बरेचसे वळणावर आले. जीभ मात्र आली नाही. तोंडाची डावी बाजू ओघळलेली, आणि शब्द असे यायचे की जणू तोंडात गरम बटाटा आहे. बायकोला पाणी मागितलं तर ती दोनदा विचारायची आणि तिसऱ्यांदा चेहरा बघून आणायची.

मंडळी भेटायला येत राहिली. प्रेमानंच यायची, पण प्रत्येकाला या आजारात देवाचा काय हेतू आहे ते ठाऊक होतं, आणि कुठल्याही दोघांनी सांगितलेला हेतू एकमेकांशी जुळत नव्हता. चर्चच्या सेक्रेटरींनी एका पाहुण्या प्रचारकाला घरी आणलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून, कानाशी तोंड आणून, जिभेला मोकळं होण्याची आज्ञा केली. तीन वेळा, चढत्या आवाजात. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, “साहेब, ह्यांची जीभ गेलीय. कान चांगले आहेत.” जाताना प्रचारकानं मला विश्वास वाढवायला सांगितलं.

मी हसलो, अर्ध्या तोंडानं. पण तो गेल्यावर बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. चेष्टा करण्यात माझं आयुष्य गेलं आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: त्या दिवसांत माझा विश्वास चेष्टेनं टिकत नव्हता. देवाला माझं काहीही घेता आलं असतं. पाय घेतला असता तर काठी घेतली असती. त्यानं नेमकं तेच घेतलं जे मी त्याला देत होतो. मग त्याला ते नकोच होतं का? मी प्रार्थना करणं सोडलं नाही, पण ती प्रार्थना म्हणजे रोज एकच प्रश्न होता: आता माझा उपयोग काय? उत्तर आलं नाही. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागलो, म्हणजे उपासना संपताच कोणी हात धरण्याआधी निघता यावं.

आठवड्यातून दोनदा बोलण्याचे व्यायाम शिकायला जात होतो. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्याहून कमी वयाची. तिनं माझ्यासमोर आरसा ठेवला तेव्हा मला शनिवारच्या संध्याकाळी आठवल्या आणि मी नजर वळवली. ती म्हणाली, “काका, आवाजाच्या मागं लागू नका. शब्द तोंडानं दाखवा. ‘आ’ म्हणताना समोरच्याला दाढ दिसली पाहिजे. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा.” तसं बोललं की मी घास भरवल्यासारखा दिसायचो. पण शब्द निदान तुटून पडत नव्हते.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. वर्षभराचे शास्त्रपाठ कोणी कधी वाचायचे, याच्या चिठ्ठ्या नववर्षाच्या उपासनेत एका पितळी डब्यातून काढतात. निघालेली चिठ्ठी बदलत नाहीत. चिठ्ठी देवाची, असं जुनी माणसं म्हणतात. एरवी कोणी वाचणारा आला नाही की उभं राहायचो मीच, पण चिठ्ठीचा रविवार ज्याचा त्याचा. त्या जानेवारीत, झटक्याच्या सहा महिने आधी, मला नाताळाच्या आधीचा रविवार निघाला होता, आणि पाठ होता प्रभूच्या वंशावळीचा: अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा, अशी चाळीसच्या वर नावं, एकापेक्षा एक जीभ वळवणारी. तेव्हा मी खूश झालो होतो. तो पाठ न अडखळता म्हणणारा मंडळीत मी एकटाच होतो.

डिसेंबरात मी पाळकसाहेबांकडं गेलो आणि पाठ दुसऱ्याला द्या म्हणालो. ते तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी माझं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, आणि तेव्हा ते संपायला वेळ लागायचा.

“सर, चिठ्ठी आपण बदलत नाही,” ते म्हणाले.

सेक्रेटरी तिथंच होते. “साहेब, रीत आहे ते बरोबर. पण नाताळाला बाहेरची मंडळी येते. माझा पुतण्या वाचेल की. सरांना उगं कशाला त्रास?”

“त्रास सरांना होईल का आपल्याला?” पाळकांनी विचारलं. मला मात्र सेक्रेटरींचंच म्हणणं पटलं होतं.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. बायकोनं माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “अहो, पडलात तर पुढं पडा. मागं पायऱ्या आहेत.” मी उभा राहिलो. पहिल्या दोन नावांतच माझा श्वास माईकवर फसफसला, आणि सेक्रेटरींनी माईक बंद केला. ते बरंच झालं. मग उरलो मी, ती यादी आणि ती मुलगी शिकवत होती तसं उघडणारं तोंड. एक नाव. श्वास. दुसरं नाव. बाहेरची मंडळी एकमेकांकडं बघू लागली. मागं कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. साधारण पंधराव्या नावाला माझी जीभ अडकली ती सुटेना. मी मनात म्हणालो, प्रभू, मला आता छान वाचायचं नाही. फक्त मधेच खाली बसावं लागण्याआधी हे संपू दे. एवढी साधी आणि एवढी कमी अपेक्षा ठेवून मी आयुष्यात कधी प्रार्थना केली नव्हती.

डोळे वर केले तर सगुणामावशी तिसऱ्या बाकावरून उठल्या होत्या. पदर सावरत त्या सरळ पुढं आल्या आणि माझ्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. चेहरा माझ्या चेहऱ्याकडं वर केलेला. रडत नव्हत्या. माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. माझं अडलेलं नाव त्यांच्या ओठांवर अर्धं आलेलं मला दिसलं. मी ते म्हणालो. त्याही म्हणाल्या. मग अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “आसंच! आसंच वाचा सर, घाई नगा करू!”

बाकीची पंचवीस-तीस नावं आम्ही दोघांनी मिळून वाचली. मधे कोणी हसलं असेल तर मला कळलं नाही.

नंतर व्हरांड्यात चहा आणि कुंथलगिरीचा पेढा होता. मावशींनी माझा हात धरून मला उजेडाकडं वळवलं.

“आता बोला. हितं तोंड दिसतंय.”

“मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही?” मी एकेक शब्द दाखवत विचारलं.

“बारा वर्सं झाली. ताप आलता, तवापासनं.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“सुनंला ठावं हाय. ती सावकाश बोलती, तिचं कळतं. बाकीच्याला कशाला सांगू? बहिरी म्हनलं की मानसं बोलायचंच सोडत्यात. मान हालवली तर निदान ‘सलाम मावशी’ तरी म्हनत्यात.”

मला विचारायचं नव्हतं, पण मी विचारलंच. “आणि मी वाचताना तुम्ही रडायचात ते?”

“रडते कुठं? त्यो वरचा पंखा. समदं वारं माज्या डोळ्यात येतं. डागदरला बी दावलं.” मग माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. “तुमी आधी काय वाचायचा, द्येवाला ठावं. तोंड लई भराभरा हालायचं. वाटायचं, सर कुनावर तरी चिडल्यात.”

बायको पेढा खाता खाता ठसक्यानं लाल झाली.

मावशींचे डोळे मात्र आता खरंच भरले होते, आणि व्हरांड्यात पंखा नाही. त्या म्हणाल्या, “ही नावं माजा बाप पाठ म्हनायचा, मी ल्हान असताना. त्यात ती परक्या मुलखातली इधवा हाय, सासूला सोडली न्हाय ती. आन ती गावकुसाची बाई हाय, जिला कुनी दारात उभं करत न्हवतं. आन त्यो राजा, ज्यानं दुसऱ्याची बायकू नेली. समदी असलीच मानसं. बाप म्हनायचा, बघ पोरी, द्येवानं घर बांधायला कसल्या इटा घेतल्या. बारा वर्सं मी हितं येती सर, आन आज पयल्यांदा उपासनंला आल्यासारकं वाटलं.”

मी तो पाठ किती वेळा वाचला असेन. चाळीस नावं न अडखळता म्हणण्याच्या नादात त्यातली माणसं माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. दगाबाज, भित्रे, बदनाम, परके; ती सगळी त्या यादीत होती, कोणाचंही नाव खोडलेलं नव्हतं, आणि यादी प्रभूपर्यंत पोचत होती. माझा उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर मी पाच महिने मागत होतो. ते माझ्यासमोर पेढा खात उभं होतं. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. जीभ जागची हलली नव्हती. फक्त ती जशी होती तशी एका माणसाला हवी होती.

नव्या वर्षापासून मी दर रविवारी उपासनेच्या आधी अर्धा तास व्हरांड्यात मावशींसमोर बसून त्या दिवसाचा पाठ वाचू लागलो. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या बाकावरचे एक निवृत्त पोस्टमन येऊन शेजारी बसले. त्यांनाही डाव्या कानानं वर्षानुवर्षं ऐकू येत नव्हतं आणि उजव्या कानाबद्दल त्यांची खात्री नव्हती. मग आणखी एक आजी आल्या. आमच्या मंडळीतली सर्वांत एकाग्र म्हणून नावाजलेली तिन्ही माणसं अशी माझ्यासमोर जमली. नुसते व्यायाम नव्हे, हा वर्ग मला उठवत होता. रविवारची वाट बघण्याचं असं कारण मला पूर्वी नव्हतं; पूर्वी मी फक्त माझीच वाट बघायचो.

खरी कसोटी पुढं आली. मार्चपर्यंत जीभ सुटत गेली. एके दिवशी घरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचताना माझा जुना आवाज निघाला. सगळा नाही, पण ओळखीचा. मी उठून आरशासमोर गेलो, हे लपवण्यात अर्थ नाही. सेक्रेटरींना कुठून तरी कळलं. ते घरी आले आणि म्हणाले, “सर, देवानं ऐकलं! शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा मोठा पाठ तुम्हीच. नवा माईक आणलाय.” चिठ्ठी पुतण्याची होती, तो आनंदानं मागं सरत होता, आणि या वेळी रीत मोडायला सेक्रेटरींची हरकत नव्हती.

मला तो पाठ किती हवा होता ते लिहायला लाज वाटते. रविवारी व्हरांड्यात मी त्याचाच सराव करायचं ठरवलं आणि जुन्या पद्धतीनं, चढउतारासकट, दहा-बारा ओळी वाचल्या. आवाज छान लागला होता. मान वर केली. पोस्टमनसाहेब मान डोलवत होते. मावशींनी हात उचलून थांबवलं.

“सर, न्हाय दिसलं.”

एवढंच. रागावल्या नव्हत्या. पुन्हा मान हलवत बसायची त्यांची तयारी मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि ती मला सहन झाली नाही. मी पहिल्या ओळीवर परत गेलो. एक शब्द. श्वास. दुसरा शब्द. त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी सुटलं, आणि सुटल्यावर कळलं की मी ते किती घट्ट धरलं होतं. आजारानं माझा आवाज नेला तेव्हा मी काहीच अर्पण केलं नव्हतं. ते नुसतं हिरावलेलं होतं. परत मिळाल्यावर तो आपणहून खाली ठेवणं, हे पहिलं अर्पण. त्यासाठीही एका बाईला हात वर करावा लागला.

शुभ शुक्रवारचा पाठ पुतण्यानं नव्या माईकवर वाचला. मी खाली सतरंजीवर, तिघांकडं तोंड करून, तेच शब्द आवाज न करता ओठांनी दाखवत होतो. तो पाठ मी पहिल्यांदा ऐकला, कारण पहिल्यांदा मी तो एकाच वेळी दुसऱ्याच्या आवाजात ऐकत आणि मावशींच्या चेहऱ्यावर बघत होतो. माझा हा दुबळेपणा प्रभूनं फुकट घालवला नाही, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो. त्याला काय लागतं ते त्याला ठाऊक. आपण जे आहे ते समोर ठेवावं आणि त्याची निवड बघून नवल करावं.

मावशींची जागा आता कायमची पुढं, माझ्यासमोर आहे. वाचलेला एकही शब्द त्या सोडत नाहीत. उपदेश लांबला की मात्र त्या शांतपणे डोळे मिटतात, म्हणजे सगळं बंद होतं. पाहुण्या प्रचारकांना वाटतं, त्या प्रार्थनेत आहेत.