मिंझाबाईंनी सॉफ्टवेअर निवडलं

म्वान्झा बंदरावर किशोशांचं जाळ्यांचं दुकान कुठे आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दुकानाची जाळी सरोवरातल्या बेटांवर नेऊन विकायची कशी, हे एकाच बाईला ठाऊक होतं. मिंझा लुहेंडे. थोरल्या जुळ्याच्या नावावरून सगळे तिला कुल्वाची आई म्हणत. नवरा गेला तेव्हा दोन्ही पोरं पाच वर्षांची. पहिल्या फेरीत बोटीत तिला इतक्या उलट्या झाल्या की नावाड्यालाच धडकी भरली. परत आली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "पुढच्या पुनवेला पुन्हा जाते." त्याला आता एकोणीस वर्षं झाली. उकारा बेटाच्या पलीकडची बेटं म्हणजे तिचं माहेरच जणू.

मग मालकांचा पुतण्या देउसदेदित दार-एस-सलामहून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता हो, पण शहाणपण नुसतं उतू चाललेलं! आल्या आल्या म्हणाला, आपले आठ विक्रेते दूरदूर फिरतात, कोण कुठे असतं, काय करतं, काही कळत नाही, सॉफ्टवेअर हवं. दोन कंपन्यांची दोन सॉफ्टवेअरं त्याने महिनाभर वापरून बघायला आणली आणि सगळ्यांच्या फोनांत घातली. सोमवार ते शनिवार, आठ ते पाच, रोज सहा गिऱ्हाइकं. झाली तर नावापुढे हिरवा ठिपका, नाहीतर लाल.

पंधरा दिवसांत सगळे हिरवे आणि कुल्वाची आई लालभडक.

"पंधरा दिवस तुम्ही घरीच?" देउसने विचारलं.

"घरी कशाला? शेतावर. कसावा लावला."

"आणि बेटं?"

"बेटांवर आत्ता काय जायचं? अवसेचे दिवस. माणसं रात्रभर दिवे लावून डागा मासळी धरतात आणि दिवसा झोपतात. पुनवेच्या उजेडात मासळी दिव्याकडे येत नाही, तेव्हा ती मोकळी असतात. जाळी सांधतात, नवी घेतात."

"भर दुपारी बाराला कोण झोपतं, काकू? उगाच सबबी नकोत. मी स्वतः जाऊन बघतो. विक्री झाली तर बेटं दुसऱ्याला देणार आणि तुम्ही काउंटरवर बसायचं."

काउंटर! बेटं गेली तर उरलेलं आयुष्य काय भिंतीकडे बघत काढायचं? पण तोंडावर मिंझाने काही दाखवलं नाही. "जा बाबा, डोळ्यांनी बघून ये," एवढंच म्हणाली.

देउस गेला. पांढरा शर्ट, हातात टॅब्लेट. भर दुपारी कोळ्यांच्या एका तळावर उतरला, तर किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. सगळ्या झोपड्यांची दारं बंद. हा बहाद्दर एकेक दार ठोकत सुटला. सहा दारं व्हायला हवी होती ना! चौथं दार मगोरीचं, तळाच्या मुखियाचं. रात्रभर पाण्यात काढून माणसाचा नुकताच डोळा लागलेला. तो बाहेर आला, मासळी धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि पांढऱ्या शर्टावर रिकामी केली.

"जाळं घेऊन आलोय," देउस चाचरत म्हणाला.

"आमची बाई पुनवेला येते. तुला कुणी पाठवलं? चालता हो!"

तो परतला तो वास घेऊनच. दोन दिवस दुकानात त्याच्या शेजारी कुणी बसेना. मालक किशोशाबाबा तर पोट धरून हसले. पण पोराचं एक मानायला हवं, त्याने थाप मारली नाही. झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि मिंझाला म्हणाला, "काकू, तुम्ही जाऊन या. दोन्ही सॉफ्टवेअरं चालू ठेवा. सॉफ्टवेअरवाले आले की प्रश्न तुम्हीच विचारायचे."

पुनवेला मिंझा निघाली. एकेका तळावर अर्धा अर्धा दिवस बसली, कुणाचं फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन सांधून दिलं, मक्याच्या पिठाची उगाली खाल्ली, बारशांची आमंत्रणं घेतली आणि मालही विकला.

महिनाअखेरीस दोन्ही कंपन्यांची माणसं आली. किशोशाबाबांनी आपली खुर्ची मिंझाला दिली. बाकीचे सातही विक्रेते भिंतीला टेकून उभे.

पहिला टायवाला. पडद्यावर मिंझाचा पुनवेचा आठवडा कोरा.

"मी बेटावर होते की नाही?" तिने विचारलं.

"नेटवर्क नव्हतं ना, मॅडम. मग गैरहजेरी लागते. शिस्त नको का?"

"अहो, शिस्तीचं राहू द्या. मी जीव धोक्यात घालून पाण्यात गेले आणि तुमच्या लेखी मी घरी झोपले होते!"

दुसरी नीमा नावाची पोरगी. तिने पडदा फिरवला. "सात दिवस, अकरा तळ, जाळ्यांचे त्रेचाळीस गठ्ठे. तुमच्या फोनातच साठलं होतं. बंदराला लागलात तेव्हा आमच्याकडे आलं."

"आणि कामाचे दिवस? ते कोण भरणार?"

"तुम्ही भरा ना, काकू. अवसेला सुट्टी टाका, पुनवेला रात्रंदिवस काम टाका. रोजची सहा गिऱ्हाइकंही काढता येतात."

भिंतीजवळून लामेक पुढे सरला. तो खेडोपाडी दोरखंड विकायचा. "मग माझे गुरांच्या बाजाराचे दिवस? बाकीचे दिवस मी सहाचा आकडा भरायला चहाच्या टपऱ्यांची नावं घालतोय!"

एकच हशा उसळला. दुसरा म्हणाला, मीही. तिसरा म्हणाला, मीही. सातांतले पाच हिरवे ठिपके खोटे निघाले.

"हेच घ्यायचं," नीमाकडे बोट करून मिंझा म्हणाली. "टायवाल्या साहेबांना चहा द्या, लांबून आलेत."

किशोशाबाबांनी तिथेच जाहीर केलं, की बेटं मिंझाकडेच राहतील, वर कोमे बेटही तिचंच, आणि सगळ्या विक्रेत्यांचे दिवस तीच लावून देईल. देउस उठला, सगळ्यांसमोर वाकला. "चुकलो, काकू. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मिंझाला भरून आलं. तिने डोळे पुसले, लपवले नाहीत. "एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं रे, की बाई, तू हे काम करतेस तरी कसं?"

"मग आता सांगा," म्हणत देउस तिच्या समोर जमिनीवरच बसला.

मिंझाने पाय सैल सोडले आणि पहिल्या बोटीपासून सुरुवात केली.