दोन्ही बाह्या डाव्या

१४ मार्च, मंगळवार. सकाळी पेपर आला नाही. शेजारच्या शिक्षिकेचा कोट आत्याने कापला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. महिन्यातली दुसरी खेप.

आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद. लग्न केले नाही, आमच्याच घरी राहते. माझ्या मुलाची आत्या म्हणून साऱ्या गल्लीची आत्या. पुढच्या खोलीत तिचे कापायचे टेबल. कापड उलटायला विसरले की दोन बाह्या एकाच हाताच्या होतात. ही चूक नवशिक्यांची, आणि त्यावरून तिने किती शिकाऊ मुलींची टर उडवली असेल! या वेळी मात्र बाह्या माझ्यापुढे टाकून म्हणाली, "वहिनी, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. डॉक्टर गाठायचा."

"आत्या, वय झालं की होतंच असं," मुलगा म्हणाला.

"वय गुडघ्यांचं होतं. मापं कशी चुकतील?"

डॉक्टरीणबाईंनी तिला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढायला. वर्तुळ सुरेख आले. काटे मात्र दहावर आणि अकरावर. घरात काय बदल दिसतो, हे मला विचारले. तेच तेच विचारते, गॅस चालू ठेवते, मी सांगितले.

"चहाडखोर," आत्या पुटपुटली.

"कानाचं यंत्र लावता ना?" बाईंनी विचारले.

"लावते की."

"कपाटात," मी म्हणाले.

रक्त तपासले, कारण थायरॉईड बिघडले किंवा बी-ट्वेल्व कमी पडले तरी विसरायला होते. तसे काही निघाले नाही. मग मेंदूचा स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी मुलाने बाईंना आधीच बाहेर गाठून, आत्याला सांगू नका, अशी गळ घातली असावी. त्या त्याच्याकडेच बघून बोलू लागल्या.

"इकडे बोला," आत्या म्हणाली. "कापड माझं आहे."

बाई तिच्याकडे वळल्या. "अल्झायमर दिसतोय. सुरुवात आहे. पूर्ण बरा होत नाही. औषधानं काहींना काही काळ सावरतं."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. मोठं कारण वय. घरात कुणाला असेल तर धोका वाढतो. रक्तदाब, मधुमेह, सिगारेट, कमी ऐकू येणं, यांनीही वाढतो. पण धोका आहे म्हणजे होईलच असं नाही."

आत्याने भाच्याकडे बोट केले. "हा रक्तदाबाची गोळी चुकवतो. आधी ह्याला धरा."

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "टेबल काढून तिथं तुझा पलंग लावू. आराम कर."

"टेबलाला हात लावून तर बघ. कात्री अजून माझ्या हातात आहे!"

दुसऱ्या दिवशी तिने शिक्षिकेला घरी बोलावले, रोगाचे नाव सांगितले आणि विचारले, "अजून कापड द्याल?" शिक्षिकेने दिले.

आत्याने खडूने खुणा केल्या आणि मला टेबलापाशी उभे केले. "तू तपासून 'हो' म्हटल्याशिवाय कापणार नाही. एक दिवस तू 'नाही' म्हणशील. मी भांडेन, वाट्टेल ते बोलेन. ऐकायचं नाही."

"नाही ऐकणार," मी म्हणाले. खुणा दोनदा पाहिल्या. "हो. काप."

संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: कोट कापून झाला. उशांचे अभ्रे बदलले.