मोहाच्या झाडापाशी गाडी काहून थांबते?

बायांनो, दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

माह्या नवऱ्याले दोन-तीन दिवसांपासून चक्कर येते. आज बालाघाटच्या डॉक्टरनं बजावलं, सध्या गाडी चालवायची नाही. म्हणून किरनापूरच्या रस्त्यानं स्कूटी मीच आणली. समोर चार वर्षांची पोरगी उभी, मागं हे बसलेले.

गाव दिसलं तसे हे म्हणाले, "मोहाच्या झाडापाशी थांब. आता मी चालवतो."

"अन् डॉक्टरनं काय म्हटलं?"

"हौ, पण गावात बायकोच्या मागं बसून येऊ काय? लोकं हासतील."

मी थांबली. बाहेर कधी मी गाडी चालवली, तं गावात शिरायच्या आधी तिथं आम्ही नेहमीच जागा बदलतो.

नाल्याच्या पुलावर ह्यांचा तोल गेला. गाडी कठड्याले घासली. पोरगी किंचाळली. कसेबसे घरी पोचलो.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पाहा, अशा तब्येतीतही पोरानं गाडी चालवत आणली!"

पोरगी बोलली, "आजी, गाडी तं मम्मीनं..."

मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

तवापासून ती माह्यासंग बोलून नाही राह्यली. पुलाचं भेव गेलं, हे भेव जात नाही. मोठी झाल्यावर ती कोणत्या झाडापाशी गाडी थांबवन? सांगा न, तुमची कुठं थांबते?