काबुकीत बायका नसतात

आखातात नाटक बसवायचं म्हणजे नाटक थोडं आणि किस्से फार! दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पोरांचे क्लासेस, त्यातून वेळ काढून माणसं तालमीला जमणार. त्यात कुणाची शिफ्ट बदललेली असते, कुणाचा नवरा खाली गाडीत बसून हॉर्न देत असतो. अशा धांदलीत संवाद पाठ होत नाहीत, किस्से मात्र आपोआप पाठ होतात. बहरीनच्या आमच्या मराठी मंडळाकडे असे किस्से पोत्यानं आहेत. कुठल्याही पार्टीत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते काबुकीचं सांग ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात आणि माझे कान गरम होतात. शेवटचा किस्सा मी पार्टीत सांगत नाही.

* * *

नानिवडेकर सर हे आमचे कायमचे दिग्दर्शक. मूळचे पुण्याचे, पेशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांना कंपनीनं ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. ट्रेनिंगचं काय झालं ते कंपनीला ठाऊक, सर मात्र तिथलं जुनं नाटक बघून आले. वार्षिक कार्यक्रमाच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा आपण काबुकी करायचं!"

"काबुली?" मागून आवाज आला. "मग चणे आदल्या रात्रीच भिजत घालायला हवेत."

खाण्याची जबाबदारी माझ्याकडे असायची. मी खरंच विचारलं, "किती किलो?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. काबुकी म्हणजे पांढरे रंगवलेले चेहरे, झगझगीत कपडे, प्रेक्षकांच्या मधून स्टेजवर जाणारी नटाची वाट. गोष्टही त्यांनी तिकडूनच आणली होती. एका सरदाराच्या लहानग्या वारसाला मारायला शत्रू येतात. त्याची दाई त्याच्या जागी स्वतःचं मूल पुढे करते. ते तिच्या डोळ्यांदेखत मारलं जातं, पण शत्रू बघत असतात म्हणून तिनं डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. ते निघून गेले, ती एकटी उरली, की मग तिचा हंबरडा.

गोष्ट संपली आणि आम्ही सगळ्यांनी सुलभा वहिनींकडे पाहिलं. ही भूमिका दुसरी कोण करणार? साताऱ्याच्या या बाईनं मंडळाच्या स्टेजवर कुठली म्हणून भूमिका सोडली नव्हती, पण बहुतेक सगळ्या छोट्याच. शिवाय हे त्यांचं बहरीनमधलं शेवटचं वर्ष होतं. त्यांचे मिस्टर, प्रकाश भाऊजी पाटणकर, बँकेत होते. त्यांची पोस्टच रद्द झाली होती. कार्यक्रम झाला की सामान बांधून परत जायचं होतं. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "जाता जाता एक तरी मोठी भूमिका मिळू दे गं. पुढं साताऱ्यात मला कोण विचारणार आहे?"

त्या ताठ बसल्या. ओठांवर हसू फुटायच्या बेतात होतं.

"पण," सर म्हणाले, "काबुकीत बायका नसतात."

* * *

क्षणभर कुणाला कळेचना. सरांनी खुलासा केला की काबुकीत बायकांच्या भूमिका पुरुष करतात, आणि करायचं तर शुद्ध करायचं.

वहिनी हसतच म्हणाल्या, "मग मध्यंतरात वडे कोण तळणार? काबुकीत बायका नसतात ना!"

सगळे हसले. आमचा लाइटवाला मिलिंद वानखेडे तेवढा हसला नाही. नागपूरकडचा, हिद्दच्या एका प्लँटवर टेक्निशियन. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं.

"काहून जी सर? तिथं बायाच नोयत्या का पहिलेपासून?"

"तसं नाही," सर जरा अडखळले. "सुरुवात म्हणे एका बाईनंच केली. पण नंतर सरकारनं बायकांना बंदी घातली."

"मंग हे कला नाई सर. हे बंदी हाय."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि विषय मताला टाकला. शुद्ध काबुकीच्या बाजूनं हात वर झाले. माझाही झाला. सरांशी वाद कोण घालणार, आणि पोराला घ्यायला उशीर होत होता. प्रकाश भाऊजींनीही हात वर केला. ते वहिनींना अगदी खेटून बसले होते, हात उचलताना कोपर वहिनींना लागलं, तर म्हणतात कसे, "सॉरी!"

दाईची भूमिका भाऊजींना मिळाली. अंगानं किरकोळ होते आणि नोटीस पिरियडमुळे वेळच वेळ होता.

* * *

बाईसारखं चालायला शिकण्याची जपानी युक्ती सरांनी सांगितली. गुडघ्यांमध्ये कागद धरायचा आणि तो न पाडता चालायचं. भाऊजी बुसैतीनच्या आपल्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये प्रॅक्टिस करत. वहिनी दारात उभ्या राहून शिकवत, "पोक काढा थोडं. मान खाली. अहो, बाई आहात, बँकेत नाही चाललात!"

एकदा त्यांचे घरमालक, अबू युसुफ, समोर येऊन उभे राहिले. मोठा सज्जन माणूस. भाऊजी गुडघे आवळून, घामाघूम होऊन, तुरुतुरु येत होते.

"ब्रदर, पेट में प्रॉब्लेम? हॉस्पिटल रूह? जाना है?"

"नो नो," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "मैं औरत बन रहा हूँ."

अबू युसुफनी बराच वेळ भाऊजींकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं.

"इंशाल्ला," म्हणाले आणि हळूच दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून वहिनींसाठी खजुराचं भलंमोठं ताट आलं. वहिनी लाजेनं आठवडाभर लिफ्ट सोडून जिन्यानं जात होत्या.

* * *

भाऊजींचं पाठांतर कच्चं. वहिनींना मात्र पहिल्या आठवड्यातच दाईचा शब्द न् शब्द तोंडपाठ! तेव्हा सरांनी जाहीर केलं, "वहिनी, तुमच्यावर सर्वांत मोठी जबाबदारी!" आम्हाला वाटलं, सरांना उपरती झाली.

काबुकीत म्हणे स्टेजवर काळ्या कपड्यांतली माणसं असतात. नटाला वस्तू देतात, कपडे सावरतात, गरज पडली तर संवादही सांगतात. तोंडावरसुद्धा काळं कापड असतं, आणि ती दिसतच नाहीत असं प्रेक्षकांनी धरून चालायचं. वहिनींनी नवऱ्यामागं असं बसायचं होतं.

ड्रेसची खरेदी माझ्याकडे आली. आपल्याला अंगभर काळं हवं, मग बाब अल बहरीनच्या बाजारासारखी जागा नाही! तिथल्या एका अबायाच्या दुकानात गेले. दुकानदार मोठा हौशी. एकेक अबाया उलगडून दाखवायला लागला. बाह्यांवर काय सुरेख काम होतं!

"मॅडम, ये लो. ये पहनेगा तो सब देखेगा!"

"नाही भैया, वैसा नहीं. किसी को दिखना नहीं चाहिए."

"कपडा?"

"नाही... पहननेवाली."

त्यानं कपडा हातातून खाली ठेवला. "मॅडम," म्हणाला, "ऐसा कपडा हमारे पास मफी, नहीं है."

सुंदर कपड्यांच्या दुकानात उभं राहून आपण काय मागतोय ते तेव्हा कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बाजूच्या गल्लीतून साधं काळं कापड घेतलं. शिवलं वहिनींनीच. भाऊजींचा किमोनोसुद्धा त्यांनीच शिवला, स्वतःच्या दोन रेशमी साड्या जोडून.

* * *

मारल्या जाणाऱ्या मुलासाठी खरं मूल मिळेना. इथली आपली पोरं मराठी समजतात, पण "मर" म्हटलं की इंग्रजीत "व्हाय?" विचारतात. म्हणून मी इथल्या बाजारातून, सूकमधून, एक मोठी बाहुली आणली. दुकानदार काहीतरी "टॉकिंग, टॉकिंग" म्हणत होता, मी घाईत होते.

तालमीत शत्रूच्या सरदारानं बाहुलीच्या पोटात सुरा खुपसला. भाऊजी दगडासारखे बसले. हॉल चिडीचूप. आणि बाहुली टाळ्या वाजवत अरबीत बडबडगीत गायला लागली!

शत्रू घाबरून पुन्हा खुपसायला लागला, तसं गाणं आणखी जोरात. बटण पोटातच होतं.

वरून लाइटजवळून मिलिंदचा आवाज आला, "खलास करा जी तिले! बॅटरी काढा!"

* * *

रंगीत तालमीला सरांनी एका जाणकाराला बोलावलं. त्यांच्या ऑफिसातले मिस्टर सातो. अस्सल जपानी! सरांनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. आम्हीही वाकलो. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

तालीम सुरू झाली आणि सातोंनी डोळे मिटले. सर माझ्या कानात म्हणाले, "बघ, याला म्हणतात रसिक. कानांनी नाटक बघतोय."

थोड्या वेळानं रसिक घोरायला लागला.

तालीम संपल्यावर सातो उठून आमच्यापेक्षाही खाली वाकले. इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. शाळेच्या ट्रिपला मला एकदा काबुकीला नेलं होतं. तेव्हाही मी झोपलो होतो."

मग त्यांनी किमोनोतल्या भाऊजींकडे पाहिलं, विंगेत उभ्या असलेल्या आम्हा बायकांकडे पाहिलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "तुमच्याकडे इतक्या स्त्रिया आहेत, मग हे का? आमच्या गावच्या हौशी मंडळात तर मुलीही काम करतात."

आम्ही सगळ्या जमिनीकडे बघायला लागलो. सर मात्र डगमगले नाहीत.

"आमचं शुद्ध आहे," म्हणाले.

* * *

आता शेवटचा.

प्रयोगाला हॉल भरला होता. भाऊजी प्रेक्षकांच्या मधून तुरुतुरु चालत आले, तेव्हा एका काकूंनी त्यांना अडवून "पार्किंग मिळालं का हो?" म्हणून विचारलं, पण ते सोडा. पुढं नाटक बरं चाललं. मागं वहिनी काळ्या कपड्यात बसून हळूच एकेक वाक्य देत होत्या, भाऊजी ते म्हणत होते.

काळजी होती ती हंबरड्याची. तालमीत भाऊजींना तो कधीच जमला नव्हता. ते रडायला लागले की दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखा आवाज यायचा आणि सगळे हसायचे. सर म्हणायचे, "प्रयोगात येईल. आतून येईल."

शत्रू गेले. भाऊजी बाहुलीवर कोसळले. तोंड बाहीत लपवलं. आणि काहीच नाही. हॉलमध्ये एसीची घरघर ऐकू यायला लागली. मी विंगेत तांब्या घेऊन उभी होते, मला तिथून बाहीच्या आतला त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ गच्च मिटलेले, डोळे फाटलेले. माणूस पार ब्लँक झाला होता.

आणि हंबरडा आला.

असा आला की मी तांब्या खाली ठेवला. "गेले ना रे सगळे?" तो आवाज म्हणत होता. "आता रडू का मी? आता तरी रडू का?" समोरच्या रांगांमधून पदर डोळ्यांना लागले. भाऊजींचे ओठ मिटलेलेच होते. त्यांच्या मागं, वहिनींच्या तोंडावरचं काळं कापड आत ओढलं जात होतं आणि बाहेर फुगत होतं. कितीतरी वेळ.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. नानिवडेकर सर धावत स्टेजवर आले आणि त्यांनी भाऊजींना मिठीच मारली. "काय रडलास रे प्रकाश! बायकांना जमणार नाही असं रडलास!" अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला, फोटो झाले. भाऊजी नारळाकडे बघत उभे होते. एकदा तोंड उघडलं त्यांनी, तेवढ्यात कुणीतरी हार घातला. मी वड्यांच्या ताटल्या मांडत होते. मी मान वर केली नाही.

वहिनी तोंडावरचं कापड मागं टाकून बाहुली पिशवीत भरत होत्या. सरांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. मोठ्या मनाचा माणूस, मुद्दाम त्यांच्याजवळ गेले.

"वहिनी, तुमचंही कौतुक आहे हं! इतकं प्रॉम्प्टिंग केलंत, पण तुमचा आवाज कुठे म्हणून ऐकू आला नाही!"

"थँक्यू, सर," वहिनी म्हणाल्या. घसा इतका बसला होता की शब्द धड बाहेर येईना.

"या हॉलचा एसी फार असतो," सर म्हणाले. "गरम पाणी घ्या."