पदराआडचं पाऊण किलो

आमच्या आत्याइतकी पारखून वस्तू घेणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात दुसरी नाही, आणि असलीच तर तिच्या गावातल्या दुकानदारांनी आतापर्यंत धंदा बदलला असेल. दर्यापूरजवळच्या खेड्यात आतोबांच्या मागे आत्या एकटी राहते. आठ एकर काळी जमीन आणि एक शिलाई मशीन एवढ्यावर तिनं दोन मुलींची लग्नं केली. छत्री घेताना ती दुकानदाराला वरून बादलीभर पाणी ओतायला लावते आणि स्वतः छत्रीखाली उभी राहते. अमरावतीला दिवाण घ्यायला आली तेव्हा जेवूनच दुकानात शिरली, पसंत पडलेल्या दिवाणावर आडवी झाली आणि तीन वाजता उठून म्हणाली की डाव्या कुशीला बोचतो. मालक बिचारा दोन तास गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोलत होता. चपला घेताना ती त्या घालून एसटी स्टँडपर्यंत जाऊन येते, आणि तोवर जामीन म्हणून मला दुकानात बसवून ठेवते. अशा बाईनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा ते एका दिवसाचं काम नसणार, हे मला कळायला हवं होतं.

कारण हसण्यासारखं नव्हतं. आत्याचं शेत पूर्णेच्या काठाला आहे, आणि रेती चोरून नेणाऱ्यांनी आपले टिप्पर तिच्या उभ्या कपाशीतून घालायला सुरुवात केली होती. गावानं तिकडे पाठ फिरवली. आत्या बांधावर मोबाईल घेऊन उभी राहिली, टिप्परांचे फोटो काढले, नंबर ब्लाऊजच्या मापांच्या वहीत लिहून घेतले आणि तक्रार केली. केस उभी राहिली ती तिच्या एकटीच्या साक्षीवर. मग एक दिवस एक तरणा गडी मोटरसायकलवर आला, तिच्या अंगणात पाणी मागून प्याला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आत्याबाई, तारखेच्या दिवशी बिमार पडून जा." आत्यानं गडू परत घेतला आणि त्याला सांगितलं, "मले बिमार पडाले टाईम नाई, बापा. सोयाबीन काढाचं हाय." पुढच्या आठवड्यात शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची कौलं फुटली. तेव्हा तिनं परवान्याचा अर्ज केला, पोलिसांकडचं नेमबाजीचं प्रशिक्षण बासष्टाव्या वर्षी पुरं केलं, आणि निशाण्याच्या कागदावर तिची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडली. शिवणाऱ्या माणसाची नजर ती. मी तो कागद ऑफिसात तीन जणांना दाखवला, आणि चौथ्यानं विचारलं नाही म्हणून आपणहून त्याच्या टेबलापर्यंत गेलो.

शस्त्रांचं दुकान अकोल्याला. मालक चाचा म्हणजे पांढऱ्या दाढीचे, शांत बोलणारे गृहस्थ. परवाना दोनदा वाचून त्यांनी आधी पिस्तूल पुढे ठेवलं. चपटं असतं, कपड्याखाली फुगत नाही, गोळ्याही जास्त मावतात. पण त्याचा वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो, आणि चाळीस वर्षं कात्री चालवून आत्याचा अंगठा सांध्यात धरलेला. तिनं दोनदा ओढून पाहिलं आणि विचारलं की रिकामं काडतूस आत अडकलं तर काय करायचं. चाचांनी ते मोकळं करायची रीत दाखवली. आत्या म्हणाली की एवढ्या वेळात माझी बॉबिन भरून होते. मग आलं रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं. एक गोळी उडाली नाही तर पुन्हा घोडा दाबायचा, पुढची समोर येते. हे तिला पटलं. तिनं ते रिकामं करून घेतलं, तोंड भिंतीकडे ठेवून कानाशी नेलं आणि चक्र फिरवत त्याचा आवाज ऐकला. मशीन दुरुस्तीला आलं की ती असाच कान लावते. मग तिनं खरा प्रश्न विचारला. "दहा वर्षं हे वाजवलं नाई, अन् अकराव्या वर्षी काम पडलं, त वाजन काय?" चाचांनी चष्मा काढला. "साफ ठेवा, तेल देत राहा, त वाजन. पन ताई, काम न पडो अशी दुआ करा." आत्याला माणूस आवडला. तरी तिनं रिव्हॉल्व्हर घेतलं नाही. फक्त वजन विचारलं, कागदावर आकार काढून घेतला आणि म्हणाली, "अंगावर घालून पाहाले पायजे पयले."

तिचं म्हणणं असं की जी वस्तू टोचते ती माणूस चार दिवसांनी खुंटीला टांगतो, आणि वेळ नेमकी पाचव्या दिवशी येते. म्हणून घरी येऊन तिनं लोखंडी अडकित्ता घेतला, त्याला मशीनचा जुना भाग बांधून पाऊण किलो वजन केलं, आणि परकराला खिसा शिवून ते अंगावर बाळगायला लागली. उजव्या कमरेला ठेवलं तर शेतात निंदायला बसताना मांडीत घुसायचं. पाठीशी ठेवलं तर एसटीच्या सीटला टेकता येईना, आणि दर्यापूर ते अमरावती ती नमस्काराच्या पोझमध्ये ताठ बसून आली. शेवटी डाव्या कुशीला, फासळीच्या खाली, पदराच्या आत जागा सापडली. बाईचा हात पदर सारखा करायला दिवसातून शंभर वेळा तिथे जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. हा शोध तिनं मला फोनवर सांगितला तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि कौतुकानं मोठ्यानं वाहवा करून बसलो.

याच काळात मोर्शीला नात्यातलं लग्न होतं. आत्या वजन लावूनच गेली. पंगतीत वाढायला वाकली, खिशाची शिवण उसवली, बांधलेला मशीनचा भाग सुटून आतच राहिला, आणि अडकित्ता थेट वरमायच्या ताटात, मठ्ठ्याच्या वाटीवर पडला. वरमायनं तो उचलून पाहिला. मांडवात त्या सकाळपासून विड्याचा अडकित्ता सापडत नव्हता. खरं कारण सांगितलं तर परवान्याची गोष्ट चारचौघांत फुटते, आणि लपवून बाळगायच्या वस्तूचा बोभाटा झाला की तिचा उपयोग संपला. आमची आत्या, जिनं कोणाची सुई ठेवून घेतली नाही, ती पाच माणसांसमोर खाली मान घालून उभी राहिली आणि चुकून आला असेल म्हणाली. मोर्शीत तिला अजून काही जण अडकित्त्याची आत्या म्हणतात. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आज वाटतं, एवढी बदनामी गिळायला बंदुकीपेक्षा मोठी हिंमत लागते.

नंतर तिनं जाड कॅनव्हासचा खिसा केला. घोडा पूर्ण झाकणारा, वर झडप, दुहेरी टीप. रिव्हॉल्व्हर घेतलं ते तेच, चाचांनी पिस्तुलानंतर दाखवलेलं, आणि चाचांनी तो खिसा उलटसुलट करून पाहत विचारलं की आणखी चार शिवून द्याल का.

साक्षीच्या दिवशी मी तिच्यासोबत कोर्टात गेलो. फाटकाशी पोलीस तपासत होते. आत्यानं आपणहून परवाना काढून दाखवला, आणि पोलीस म्हणाला की हत्यार आत नेता येणार नाही. इतके महिने आम्ही वजन पाहिलं, शिवण पाहिली, कूस पाहिली. नेमकं त्या दिवशी ते आत जाणार नाही हे आत्याच्या, माझ्या, चाचांच्या, कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी पाहिलं तर तो मोटरसायकलवाला आवारातच चहा पीत होता, आणि सोबत आणखी दोघं. मी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरी तारीख मागू. तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं उसवलेल्या कपड्याकडे पाहते.

"साक्ष मले द्याची हाय, बंदुकीले नाई. चाल."

आम्ही शेजारच्या पोलीस ठाण्यात जाऊन रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती घेतली, आणि पुकारा व्हायच्या आत परत आलो. आत्या पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या वकिलानं दीड तास तिला फिरवलं. बाई, तुम्हाला धुळीत नंबर कसा दिसला, बाई, तुमचं वय काय. तिनं पाचही टिप्परांचे नंबर वही न उघडता सांगितले. कोणत्या टिप्परचं मागचं टायर झिजलेलं होतं तेही सांगितलं. आणि टिप्परवाल्यांना ओळखता का असं विचारल्यावर हात लांब करून तिघांकडे एकेक बोट दाखवलं, बाकावर बसलेल्या त्या मोटरसायकलवाल्यासकट. तिचा आवाज एकदाही वर गेला नाही. माझा ऊर इतका भरून आला होता की शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, ही माझी आत्या.

बाहेर आल्यावर पायऱ्यांपाशी ती थांबली. मला वाटलं काही विसरली असेल. ती पुढे बघतच हळू म्हणाली, "हात धर रे माहा."

आम्ही सात पायऱ्या उतरलो. खाली ठाण्यात जाऊन तिची वस्तू परत आणायची होती, पण तिला घाई नव्हती. सपाटीवर आल्यावरही तिनं हात सोडला नाही, आणि मीही तिला आठवण करून दिली नाही.