बस्त्याची गाडी आणि नवरीची जागा

मित्रांनो, आज सकाळी सव्वानऊ वाजता मी प्रकाशा या गावाजवळच्या एका खेड्यात माझ्या व्हॅनमधली माणसं मोजत होतो. बस्त्यासाठी, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, त्यांना शहाद्याला न्यायचं होतं.

माझी व्हॅन उंच आहे. म्हातारी माणसं न वाकता चढतात, गाठोडी मागे सहज मावतात. पण छत उंच दिसलं की लोक सीट मोजतच नाहीत. सीट तेरा, माणसं चौदा. मी म्हणालो, एकजण उतरा.

नवरीच्या काकांनी थेट तिच्याकडेच बोट दाखवलं. "हिले उतारी दे. साड्या आम्ही पसंत करसूत."

नवरी हळूच म्हणाली, "दादा, मी पायरीवर बसी जासू."

माझं डोकंच फिरलं. मी गाडी बंद केली. "काका, जिचं लग्न आहे ती पायरीवर बसणार असेल, तर गाडी हलणार नाही."

"भाडं आम्ही दी ऱ्हायनूत, तू नही!"

"मग दुसरी गाडी बघा." मी किल्ली काढून खिशात टाकली.

शेवटी नवरीची आत्या काकांवर खेकसली, "तूच उतर ना भाऊ, तुले का साडी नेसनी शे?" बाया हसल्या. काका मोटारसायकलने आले.

दुकानात मात्र काकाच पुढे बसले आणि साड्या त्यांनीच ठरवल्या. नवरी मागे चपलांजवळ उभी होती. तिथे मी फक्त ड्रायव्हर. गप्प राहिलो, त्याचाच राग अजून जात नाही.

खरं सांगा, तुमच्या घरच्या बस्त्यात नवरीला कोणी विचारलं होतं का?